झाडं लावताय? मग या चुका टाळा: आधी टँकर मोजा, खड्डे नंतर

पावसाळ्यात लावलेली झाडं पुढच्या मे महिन्यात किती जिवंत आहेत, हा एकच आकडा खरा धरायचा असं ठरवून आपापल्या गावात एक चक्कर मारून बघा. स्टँडपासून तहसीलपर्यंत, हायस्कूलच्या मागं, स्मशानभूमीकडं. लोकांचा उत्साह कमी नाहीये, दरवर्षी नवीन पोरं येतात, घरचे फावडे घेऊन येतात, रविवार देतात, पदरचे पैसे घालतात, आणि तरी त्याच खड्ड्यात दोन-तीन वर्षं सलग रोप लावायची वेळ येते. सरकारी पातळीवरही तेच होतं, २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं टार्गेट होतं, हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत पण आपल्या गावातली त्यातली किती उभी आहेत हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.

मी लिहितोय ते मुख्यतः माण, खटाव, आटपाडी, जत या आमच्या पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावांसाठी, जिथं वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही कधी सप्टेंबरातच एकदम. कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या मंडळींना यातलं पाण्याचं गणित थोडं सैल करता येईल, बाकीचं बहुतेक सगळीकडं लागू आहे.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: आकडा आधी ठरवणं

"यंदा हजार झाडं लावायची" असं मीटिंगमध्ये ठरतं आणि तिथंच गाडी चुकते. आकडा खड्ड्यांवरून नाही ठरवायचा, नर्सरीत किती रोपं फुकट मिळतायत त्यावरूनही नाही, तो एप्रिलमध्ये तुम्ही किती पाणी देऊ शकता त्यावरून ठरवायचा. हिशोब अगदी सोपा आहे. ५,००० लिटरचा टँकर घ्या, एका रोपाला एका वेळी २० लिटर धरा, कागदावर २५० रोपं होतात, पण पाइप एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना सांडतं, एखादं आळं फुटलेलं असतं, म्हणून २०० च धरा. एका रोपाला दोन मिनिटं लागली तरी २०० रोपांना साडेसहा तास होतात, म्हणजे एका माणसाचा पूर्ण दिवस. आता पाऊस संपल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर दहा-बारा दिवसांनी आणि मार्च ते मे दर आठवड्याला पाणी धरलं तर या २०० रोपांना वर्षाला साधारण २५ टँकर लागतात. हजार रोपं म्हणजे १२५ टँकर! आणि हे एकाच उन्हाळ्याचं झालं, झाडाला स्वतःच्या पायावर उभं राहायला निदान तीन उन्हाळे लागतात, तिसऱ्या वर्षी पाणी निम्म्यावर आलं तरी चालतं पण बंद करून चालत नाही.

म्हणून मीटिंगमध्ये पहिला प्रश्न टँकर कोण देणार, डिझेल कोण भरणार आणि ड्रायव्हरबरोबर पाइप धरायला कोण जाणार हा हवा, रोपं कुठून आणायची हा त्यानंतरचा. त्याचं उत्तर ८० झाडांचं आलं तर ८० लावा, त्यात अजिबात कमीपणा नाही. ८० झाडं जगली तर तो रस्ता दहा वर्षांनी ओळखू येणार नाही.

टँकर नसेल तर आधी गावात वाया जाणारं पाणी शोधा, ते असतंच. नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रात फिल्टर धुतल्यावर निघणारं पाणी, मशिदीतलं वजूचं, म्हणजे नमाजाआधी हात-पाय धुण्याचं पाणी, मंगल कार्यालयातलं हात धुण्याचं पाणी, शाळेच्या नळकोंड्याळ्याखाली साचणारं पाणी, हे सगळं थोडी चर काढून झाडापर्यंत नेता येतं. गावात जारचं पाणी विकणारे आरओ प्लांट आहेत, त्यांचं सोडून दिलेलं पाणी बघून मोह होतो, पण त्यात क्षार जास्त असतात, एकटं तेच पाणी सतत देऊ नका, जमीन खारट होते आणि पानांच्या कडा करपायला लागतात. वॉशिंग सेंटरचं पाणी तर नकोच, त्यात ऑइल असतं.

अजून एक, दवाखान्यातल्या वापरलेल्या सलाइनच्या बाटल्या झाडाला टांगून ठिबक करतात, कल्पना चांगली आहे पण तो दवाखान्यातला कचरा आहे, सुईसकट आलेली एखादी बाटली सफाई कामगाराच्या किंवा लहान पोराच्या हाताला लागली तर काय. त्यापेक्षा कुंभाराकडचं साधं कच्चं मडकं रोपापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण ठेवा, आठवड्यातून दोनदा भरा. पाणी आपोआप पाझरतं आणि मुळं त्याच्याकडं जातात.

जागा कुणाची आहे हे न विचारता खड्डे काढणं

गावातला प्रत्येक रस्ता नगरपरिषदेचा नसतो. काही पीडब्ल्यूडीचे असतात, काही राष्ट्रीय महामार्गात गेलेले, काही जागा रेल्वेच्या, एसटीच्या, वनविभागाच्या किंवा महसूलच्या गायरानातल्या. ज्याची जागा त्याची लेखी ना हरकत घ्या आणि घेताना एक प्रश्न आवर्जून विचारा, की इथं रस्ता रुंदीकरण, गटार, भुयारी लाइन असं काही मंजूर आहे का. पाच वर्षं वाढवलेली झाडं गटाराच्या कामात एका सकाळी जेसीबीनं काढली जातात तेव्हा ज्यांनी पाणी घातलं त्या पोरांचं मन जे उडतं ते परत बसत नाही, माझ्या मते झाड गेल्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

वर बघा आणि खाली बघा. वर तारा असतील तर तिथं वड, शिरीष, रेन ट्री असलं काही लावू नका, दर पावसाळ्याआधी महावितरणची माणसं येऊन शेंडा छाटणार आणि ते झाड जन्मभर वाकडंच राहणार, त्यात त्यांचा दोष नाही, तार मोकळी ठेवणं हे त्यांचं कामच आहे. तारेखाली आपटा, कांचन, पारिजातक, कुडा अशी आटोपशीर झाडं लावा. खाली पाण्याची लाइन कुठून जाते ते नगरपरिषदेच्या फिटरला विचारा, नकाशात नसतं ते त्याला तोंडपाठ असतं.

आणि सुरुवात कुठून करायची तर जिथं भिंत आहे, नळ आहे आणि दिवसभर कुणीतरी माणूस आहे अशा जागेपासून. शाळा, ग्रामीण रुग्णालय, पोलीस लाइन, एसटी स्टँड, स्मशानभूमी. हायवेच्या कडेची मोकळी लांबलचक जागा फोटोत छान दिसते पण तिथं शेळ्या, ट्रॅक्टर, वणवा आणि उन्हाची झळ सगळं एकदम असतं, ती दोन वर्षांचा अनुभव झाल्यावर घ्या.

माळरान म्हणजे पडीक जमीन, असा समज

यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण चांगल्या मनाची माणसं इथं सगळ्यात मोठं नुकसान करतात. गावाबाहेरचा गवताचा माळ बघितला की वाटतं किती उजाड आहे, इथं जंगल करूया. पण तो माळ उजाड नाहीये, गवताळ माळ हीच तिथली पूर्ण झालेली निसर्गरचना आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल, तणमोर ही सगळी माळावरची मंडळी. सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य केलं ते माळढोकसाठी, आणि माळढोकला लांबपर्यंत नजर पोचेल अशी मोकळी जागाच लागते, तो जमिनीवर अंडी घालतो. तिथं झाडांच्या रांगा उभ्या केल्या की त्यावर कावळे आणि शिकारी पक्षी बसायला जागा होते आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं वाचत नाहीत. शिवाय मेंढपाळांची चराई त्याच माळावर असते, चर काढून कुंपण घातलं की धनगरवाड्यातल्या माणसांनी मेंढरं न्यायची कुठं?

पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरीपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया भरपूर लावला गेला, तो लवकर हिरवा होतो, फांदी खोचली तरी जगते, पण आता वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी तो एवढा माजलाय की खाली दुसरं काही उगवायला जागा मिळत नाही. तेव्हा माळ असेल तर तिथं खड्डे काढू नका. गवताला वणवा लागू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये असा गवत काढलेला पट्टा, काढायला वनविभागाला मदत करा, प्लास्टिक उचला, दारूच्या बाटल्या उचला, आणि झाडं गावात लावा, जिथं सिमेंट आहे आणि सावली नाही.

रोपाची निवड: फुकट मिळालं, लवकर वाढतं, दिसायला छान

या तीन कारणांनी चुकीची झाडं लागतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला. मे महिन्यातला गुलमोहर कुणाला आवडत नाही, मलाही आवडतो, पण मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, वळवाच्या वादळात फांदी रिक्षावर नाहीतर माणसावर पडते. आहेत ते तोडू नका, पण नवीन भर रस्त्यात लावू नका. कोनोकार्पस नावाचं हिरवंगार भिंतीसारखं वाढणारं झाड आजकाल नर्सरीवाले फार सुचवतात, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, परागकणांच्या अॅलर्जीच्या तक्रारी आणि पाइप-गटारात घुसणारी मुळं ही कारणं होती. सप्तपर्णी आपलीच आहे पण ऑक्टोबरात फुलली की रात्री तिचा वास फार उग्र येतो, दम्याच्या पेशंटला त्रास होतो, दवाखान्याच्या दारात किंवा वस्तीत रांगेनं नको. कण्हेर डिव्हायडरवर चालते, जनावर तोंड लावत नाही म्हणूनच ती हायवेवर दिसते, पण ती विषारी आहे, बालवाडी आणि शाळेच्या ग्राउंडवर नको.

आमच्यासारख्या कोरड्या भागात कडुनिंब, करंज, शिरीष, चिंच, वावळ, भोकर, शमी, हिवर, बोर, बहावा, पळस, मेडशिंगी ही टिकणारी मंडळी आहेत. पळसाला फुलं असताना माळाकाठचा रस्ता काय दिसतो ते बघितलंय ना! ताम्हण आपलं राज्यफूल, जरूर लावा, पण त्याला पाणी लागतं, ओढ्याकाठी किंवा नळाजवळ लावा. वड, पिंपळ, उंबर याला तोड नाही, पक्ष्यांना वर्षभर खायला मिळतं, पण जागा द्यायची तयारी असेल तरच, बिल्डिंगच्या पायापासून आणि पाण्याच्या टाकीपासून बरंच लांब. रस्त्याकडेला मोठी होणारी झाडं एकमेकांपासून ८ ते १० मीटरवर ठेवा, सुरुवातीला रिकामं दिसतं म्हणून मध्ये भर घालायचा मोह होईल, नको. आणि सगळा रस्ता एकाच जातीचा करू नका, एक रोग आला की सगळी रांग जाते.

रोप घेताना उंचीवर भाळू नका. काडीसारखं सहा फुटी रोप आणि अंगठ्याएवढ्या बुंध्याचं चार फुटी रोप यात चार फुटीच घ्या. पिशवी दाबून बघा, तळाला मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. सामाजिक वनीकरण आणि वनविभागाच्या नर्सरीत पावसाळ्यात स्वस्तात रोपं मिळतात आणि ती आपल्याच हवेत वाढलेली असतात. आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येणारी मोठी झाडं लगेच शोभा आणतात खरी, पण ती दमट हवेतून येतात, मुळांभोवतीचा चिकट मातीचा गोळा एकदा वाळला की पाणी आत शिरत नाही आणि बाहेरून खड्डा ओला दिसत असताना झाड आतून तहानलेलं राहतं.

मियावाकी पद्धतीबद्दल पण विचारतात बरेच जण. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांची पद्धत आहे, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं दाट लावायची. तालुक्याच्या गावात एखाद्या गुंठ्यात करायला हरकत नाही, पण एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे ३०० ते ४०० रोपं, आणि पहिली दोन वर्षं त्यांना नेमानं पाणी आणि खुरपणी, परत टँकरच्याच हिशोबाला यावं लागतं. सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, फेकायचा कार्यक्रम मुलांसाठी ठीक, पण उघड्या मुरमावर पडलेल्या त्यातल्या फार थोड्या बिया झाड होतात, त्याला वृक्षारोपण धरू नका.

लावतानाच्या चुका, भरभर सांगतो

खड्डा एप्रिल-मेमध्येच काढून उन्हात तापू द्या, दोन बाय दोन बाय दोन फूट, मुरूम निघत असेल तर बाजूला टाका आणि तळ्यातली किंवा शेतातली चांगली माती आणा. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, ताज्या शेणानं हुमणी आणि वाळवी येते. पिशवी फाडून काढा, पिशवीसकट लावलेली रोपं मी बघितली आहेत आणि ती तिसऱ्या वर्षी मरतात तेव्हा कारण कुणालाच कळत नाही. तळाची वेटोळी झालेली मुळं कात्रीनं कापा, घाबरू नका, नवीन फुटतात. पिशवीत जेवढं खोड मातीत होतं तेवढंच खड्ड्यात ठेवा, बुंध्यावर माती चढवली की साल कुजते. काठी रोपाला चिकटवून घट्ट सुतळीनं आवळू नका, दोन बाजूला दोन काठ्या आणि मध्ये जुन्या कापडाची सैल पट्टी, म्हणजे रोप वाऱ्यात थोडं हलतं आणि हलण्यानंच खोड जाड होतं. वर्षानं काठी काढा. आळ्यात उसाचं पाचट किंवा पालापाचोळा घाला, खोडापासून चार बोटं सोडून.

ट्री गार्ड लावला म्हणजे झालं, असं नाही

लोखंडी जाळी पहिली तीन वर्षं लागते, नंतर तीच गळफास होते. खोड जाळीला टेकायच्या आत ती काढून दुसऱ्या रोपाला लावा, म्हणजे पैसेही वाचतात. काही ठिकाणी जाळी खोडात घुसून वरून साल वाढलीय, असं दिसलं तर ओढू नका, वेल्डिंगवाल्याला बोलवून बाहेरचा भाग कटरनं कापून घ्या, आत गेलेली तार तशीच राहू द्या, ओढली तर साल निघते. देणगीदाराच्या नावाची पाटी जाळीला तारेनं बांधा, झाडाला खिळा ठोकून नाही. क्लासच्या, भाड्यानं रूमच्या पाट्या ठोकतात त्याही काढा, पुण्यात आंघोळीची गोळी या ग्रुपनं खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली तशी कुठल्याही गावात करता येते, एक पक्कड आणि एक शिडी बास आहे.

पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत भिडवतात हा तर सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीच्या संदर्भात आदेश दिला होता की झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढा. आपल्या गावात चौक सुशोभीकरणाचं काम निघालं की ठेकेदार ब्लॉक बसवायच्या आधी जाऊन चुन्यानं गोल मारून द्या आणि इंजिनिअर साहेबांना दाखवा, बसवल्यावर काढून घेणं फार अवघड जातं. आणि खोडाला ऑइलपेंट नको. गेरू, चुना आणि मोरचूद मिसळून लावा, वाळवीला आळा बसतो आणि रात्री गाडीवाल्याला दिसतंही.

काहीतरी बिघडलंय, काय करू?

जुलै-ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडतायत आणि माती काळी चिकण आहे, तर बहुतेक खड्ड्यात पाणी साचलंय. लोक पिवळं बघून अजून पाणी घालतात. एका बाजूनं चर काढून पाणी बाहेर काढा. पान पिवळं पण शिरा हिरव्या राहिल्यात तर चुनखडीच्या जमिनीत लोह कमी मिळतंय, कुजलेलं खत वाढवा. कडा करपल्यात तर पाणी कमी, क्षार जास्त किंवा कुणीतरी युरिया टाकलाय.

रोज थोडं थोडं पाणी घालणारे आजोबा प्रत्येक गल्लीत असतात, प्रेमानं करतात, त्यांना नीट सांगा की आजोबा, रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोन बादल्या घाला, मुळं खोल जातील, नाहीतर ती वरच राहतात आणि तुम्ही आठ दिवस लेकीकडं गेलात की झाड वाळतं.

झाड वाळलं असं वाटलं तर उपटू नका. नखानं साल जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, पाणी चालू ठेवा, करंज, कडुनिंब, पळस बुंध्यातून परत फुटतात. आणि हे तर सगळ्यांना सांगा, की पांगारा, काटेसावर, शिवण, पळस, बहावा यांची पानगळ हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर होते, ती मेलेली नसतात. नवीन पोरं नेमकं तेव्हाच पाणी बंद करतात किंवा ते रोप काढून दुसरं लावतात.

शेळीनं शेंडा खाल्ला तर चालतं, परत फुटतो. सोललेली साल खोडाच्या एका बाजूलाच असेल तर तिथं शेण-मातीचा लेप लावा, झाड वाचतं, पण साल गोलाकार पूर्ण सोलली गेली तर वरचा भाग राहत नाही. शेळ्यांचा फार त्रास असलेल्या भागात बाहेरच्या बाजूला सीताफळ, निरगुडी, करंज लावा, त्याला त्या सहसा तोंड लावत नाहीत. शेळीवाल्या मावशीशी भांडू नका, तिला चारा लागतो, जाळीच्या आतलं गवत कापून न्यायला तिलाच सांगा, ती मग दुसऱ्याच्या शेळ्यापण हाकलते.

बुंध्याशी कचरा पेटवणं हे फार वाईट आहे, एका वेळच्या आगीनं बाहेरून काळं दिसतं आणि आतली जिवंत साल भाजून झाड वर्ष-दोन वर्षांनी जातं. सफाई कामगारांवर ओरडू नका, पालापाचोळा उचलून न्यायला गाडी नाही म्हणून ते जाळतात. त्यांच्या मुकादमाला भेटा, पाचोळ्यासाठी एक खड्डा ठरवून द्या, सहा महिन्यांनी तेच खत तुमच्या झाडांना येईल.

झाडांपलीकडं: चौक, बाकडी आणि जुनी बारव

बाकडं कुठं ठेवायचं हे सकाळी अकरा वाजता ठरवू नका. संध्याकाळी चार वाजता जाऊन बघा कुठं सावली असते, कारण म्हातारी माणसं आणि बायका तेव्हा बाहेर पडतात. दिवा आहे का, रस्त्यावरून ती जागा दिसते का हे बायकांना विचारा, आपण पुरुषांनी ठरवलेल्या कोपऱ्यात त्या कधीच बसत नाहीत. कार्यक्रमाच्या स्टेजसाठी सगळी बाग सिमेंटची करून टाकू नका, पावसाचं पाणी मुरायला माती लागते.

बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, साफ करायची लाट सध्या महाराष्ट्रात छान आलीय, महाशिवरात्रीला दिवे लावून उजळलेल्या बारवा बघितल्या की अंगावर काटा येतो. पण काम करताना सांभाळून. दगडांच्या सांध्यातून पिंपळ उगवलेला असतो, तो दोरी लावून ओढला तर मुळाबरोबर चिरे निघतात आणि पायऱ्या खचतात, म्हणून तो वरून कापत राहा आणि मूळ जाणकारांच्या सल्ल्यानं मारा. जेसीबी आत उतरवू नका. चुन्यातल्या जुन्या बांधकामाला सिमेंट भरू नका, सिमेंट कडक बसतं आणि दगड फुटायला लागतो. देवळीतल्या मूर्तीला, शिलालेखाला रंग नको, तारेचा ब्रश नको. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच. आणि गाळ उन्हाळ्यात काढा, पण आत कासवं, साप असतात, सर्पमित्राला सोबत ठेवा.

माणसं टिकवणं

ग्रुप जुलैत साठ जणांचा असतो आणि मार्चमध्ये सहा जणांचा. त्या सहा जणांना बळ द्यायचं असेल तर कामं वाटून ठेवा. प्रत्येक झाडाला नंबर, एक साधी वही: नंबर, जात, जागा, शेवटचं पाणी, जवळचा माणूस. हा जवळचा माणूस म्हणजे चहावाला, पंक्चरवाला, झेरॉक्सवाला, ज्याच्या दुकानासमोर झाड आहे तो. त्याला आधी विचारा, "काका, तुमच्या दारात कुठलं झाड लावू?" आणि त्यानं सांगितलेलं शक्यतो लावा. त्याला नको असताना लावलेल्या झाडाच्या मुळाशी गरम पाणी पडतं हे सगळ्यांना माहितीये, फलक झाकला जाईल ही त्याची भीती खरी असते, फांद्या आठ-नऊ फुटांवरून सुरू होतील अशी छाटणी करून देऊ असं त्याला कबूल करा आणि तशी करून द्या.

पैशाचा हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाका, पावतीच्या फोटोसकट. कुठल्याही पक्षाच्या माणसाला रोप लावायला बोलवा, पण त्याच वेळी उन्हाळ्यातला एक टँकर त्यांच्या नावावर लिहून घ्या, देतात लोक, विचारलं तर देतात.

आणि वाढलेलं झाड तोडायला कुणी आलं तर. नगरपरिषद हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करायचा कायदा लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांची किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज धरली जातात आणि जेवढं झाडाचं वय तेवढी झाडं बदल्यात लावावी लागतात. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावावी लागते. नोटीस दिसली की तिचा फोटो काढा, वहीतला झाडाचा नंबर आणि लावल्याची तारीख लिहून त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं लेखी हरकत द्या, आणि आवक-जावकच्या टेबलावरून शिक्का आणि तारखेसकट पोच घेऊनच बाहेर पडा.